सुट्टीचं वेळापत्रक आठवडाभरही का टिकत नाही?

वार्षिक परीक्षा संपते, निकाल हातात पडतो आणि मे महिना उजाडताच महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एक कागद तयार होतो. स्केचपेनने आखलेले रकाने. सकाळी साडेसहाला उठणे, सात ते साडेसात योगासने, आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा इंग्रजी, मग चित्रकला, मग अवांतर वाचन आणि शेवटी, लाल अक्षरांत, रात्री साडेनऊला झोप. कागद फ्रिजवर लागतो. पहिले दोन दिवस प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होते. तिसऱ्या दिवशी मामेभावंडं येतात, चौथ्या दिवशी आयपीएलचा सामना रात्री साडेअकरापर्यंत रंगतो आणि आठवड्याभरात त्या कागदाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

कोडं पुढेच आहे. हेच मूल वर्षभर, अगदी जुलैतल्या धो धो पावसातसुद्धा, सकाळच्या शाळेला वेळेवर पोचतं. सात-आठ तासिका बसतं. गृहपाठ करतं, कुरकुरत का होईना. मग त्याने स्वतः आखलेलं, स्वतःच्या आवडीचे रंग भरलेलं वेळापत्रक त्यालाच का पाळता येत नाही?

आळस, मोबाइल, लाड अशी उत्तरं घरोघरी तयार असतात. त्यांत तथ्य थोडं आहे, पण खरं कारण बहुधा वेगळं असतं. मोडतं ते मूल नव्हे, कागदावरची आखणीच मोडकी असते.

शाळा शिस्त लावते ती कशी?

शाळेच्या दिवसात मुलाला स्वतःहून फार थोडं ठरवावं लागतं. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवतात, म्हणून बूट चढतात. घंटा होते, म्हणून वही निघते. सगळा वर्ग डबा उघडतो, म्हणून डबा खाल्ला जातो. पुढचं काम सुरू करून देणारी खूण प्रत्येक वेळी बाहेरून येते. सुट्टीत या साऱ्या खुणा एका दिवसात नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी उरतो एक कागद. कागद हॉर्न वाजवत नाही.

साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या कीथ ब्राझेंडेल, मायकेल बीट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हाच मुद्दा आरोग्याच्या अंगाने मांडला. मुलांचं खाणं, झोप, हालचाल आणि पडद्यापुढचा वेळ हे चारही शाळेच्या दिवशी आटोक्यात असतात आणि मोकळ्या दिवशी एकदम सैल सुटतात, कारण शाळेचा दिवस मोठ्यांनी बांधलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या बालवाडी-पहिलीच्या मुलांचं वजन शाळेच्या महिन्यांपेक्षा सुट्टीत जास्त वेगाने वाढतं, हे त्याआधीच दिसून आलं होतं. शाळेतलं जेवण किंवा पीटीचा तास फार उत्तम असतो असं मुळीच नाही. दिवस बांधलेला असतो, एवढंच.

बाहेरची खूण किती ताकदीची असते, यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी बरंच काम केलं आहे. नुसतं 'मी रोज पाढे म्हणेन' असं ठरवणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं की मी लगेच तमुक करेन' असं ठरवणारे आपला बेत कितीतरी अधिक वेळा तडीस नेतात. 'आठ वाजता गणित' हे सुट्टीत लागू पडत नाही, कारण आठ वाजल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. 'दूध पिऊन कप सिंकमध्ये ठेवला की पाच गणितं' हे लागू पडतं. कप रोज सिंकमध्ये जातोच.

आपल्याकडे ही युक्ती जुनीच आहे. दिवेलागणीला देवापुढे दिवा लागला की शुभंकरोती आणि तिच्या पाठोपाठ परवचा: बे एके बे पासून थेट पावकी, निमकी, पाऊणकीपर्यंत. परवच्याला कुणी घड्याळ लावलं नव्हतं. दिवा हीच खूण होती.

दुसरी अडचण हिशोबाची आहे. नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ प्रौढ माणसांवर तपासलं. त्यांचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एकच सवय निवडली होती, तरी ती आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला आठ महिने लागतील असा अंदाज निघाला. महाराष्ट्रातली उन्हाळी सुट्टी जेमतेम सहा आठवड्यांची. त्यात दहा वर्षांच्या मुलाने अकरा नव्या सवयी लावून घ्याव्यात, ही अपेक्षा मोठ्यांनी स्वतःकडून करून पाहावी.

म्हणून सुट्टीचा दिवस मांडवासारखा उभारावा. चार मेढी घट्ट पुरायच्या आणि मधली जागा मोकळी सोडायची. झोप, मैदान, थोडा सराव आणि घरातलं एक काम, या त्या चार मेढी.

पहिली मेढ: उठण्याची वेळ

बहुतेक पालक झोपायच्या वेळेवरून भांडतात. सोडायची असेल तर हीच वेळ सोडावी. झोप हुकमाने येत नाही. उठवणं मात्र हुकमाने जमतं.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. गंमत अशी, की हे घड्याळ बहुतेक माणसांत २४ तासांपेक्षा थोडं जास्त लांबीचं असतं. त्यामुळे मोकळं सोडलं की ते रोज थोडं थोडं मागे पडतं. त्याला पुन्हा जागेवर आणतो तो सकाळचा उजेड. रात्रीचा लख्ख उजेड उलटं काम करतो. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक अंधार पडल्यावर वाढायला लागतं आणि उजेड डोळ्यांत गेला की ते रेंगाळतं. सुट्टीत पहिल्या रात्री अकरा, मग साडेअकरा, मग बारा हे जे सहज होत जातं, त्यात लाडांपेक्षा या घड्याळाचा हात मोठा आहे. वयात आलेल्या मुलांचं घड्याळ तर निसर्गतःच उशिराकडे झुकतं, त्यामुळे आठवी-नववीतल्या मुलाशी घातलेला वाद बराचसा त्याच्या शरीराशी घातलेला वाद असतो.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे. शाळेच्या दिवसांत सातची शाळा आणि रात्रीचा अभ्यास यांत ती क्वचितच पुरी होते, म्हणून सुट्टीत तास-दीड तास उशिरा उठायला काहीच हरकत नाही. सहाऐवजी साडेसात चालेल. पण ती साडेसातची वेळ रोजची असावी, आणि उठल्यावर पहिली दहा मिनिटं गॅलरीत किंवा अंगणात जावीत. रात्रीची झोप मग आपोआप जागेवर येते.

दुसरी मेढ: ऊन तापायच्या आधी, ऊन कलल्यावर

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मैदानाचं हे कारण सर्वांना माहीत असतं. डोळ्यांचं कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांचे दोन गट करण्यात आले. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर ठेवला, बाकीच्या शाळांत नेहमीचंच वेळापत्रक. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या सुमारे ३९.५ टक्के मुलांना लांबचं अंधूक दिसू लागलं होतं, तर बाहेर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण ३०.४ टक्के होतं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांना वाटतं, की भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यामधून डोपामाइन पाझरतं आणि ते डोळ्याचा गोल लांबट व्हायला अटकाव करतं. गोल लांबला की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि चष्मा लागतो.

घरातला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, पण बंद खोलीत तो काहीशे लक्स असतो आणि बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. मे महिन्यात म्हणून भर उन्हात जायची गरज नाही. जाऊही नये. दुपारी बारा ते चार हे घरात बसायचे तास आहेत, विदर्भ-मराठवाड्यात तर अकरापासूनच. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर लगोरी, आट्यापाट्या, सायकल, क्रिकेट, काहीही चालेल. खेळ कोणता याला महत्त्व नाही. सवंगडी असले की ती मेढ स्वतःच उभी राहते, कारण खालून हाक मारणारा मित्र ही हॉर्नइतकीच पक्की खूण आहे.

तिसरी मेढ: वीस मिनिटांचा सराव

सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, ही भीती खरी आहे का? हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेतले ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळी सुट्टीत मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतल्या. जुन्या चाचण्यांच्या मोजपट्टीमुळे हा आकडा फुगला असावा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तिकडची सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची, आपली सहा. तेव्हा महिनाभराचं नुकसान हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा आणून घाबरून जायचं कारण नाही.

पण त्या अभ्यासातला एक तपशील मोलाचा आहे. सगळं सारखं विसरलं जात नाही. सर्वांत जास्त झीज होते ती आकडेमोडीची आणि स्पेलिंगची. भागाकार म्हणजे काय, हे मुलाच्या डोक्यात राहतं. तो करायच्या पायऱ्या निसटतात.

चौथीतल्या मुलाला जूनमध्ये ८१६ भागिले ८ करायला द्यावं. आठ एके आठ, भाग गेला. मग खाली आलेल्या १ ला आठने भाग जात नाही, म्हणून ते मूल पुढचा ६ उतरवून घेतं, आठ दुणे सोळा करतं आणि उत्तर लिहितं १२. मधलं शून्य गळतं. बरोबर उत्तर १०२. त्या मुलाला गणित कळत नाही असं नसतं. 'भाग जात नाही तिथे शून्य मांड' ही एक हातची पायरी सहा आठवडे न वापरल्याने पुसट झालेली असते. तिच्यासाठी जाडजूड सराव पुस्तिका नको, आठवड्यातून दोन-तीन वेळा असं एखादं गणित पुरतं.

थोडं थोडं का पुरतं, याचं उत्तर हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच दिलं होतं. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून त्याने स्वतःचीच स्मृती मोजली. विसरणं सुरुवातीला वेगाने होतं, मग मंदावतं. आणि पूर्ण विसरलं असं वाटलं तरी दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. शिवाय एका बैठकीत रेटण्यापेक्षा तोच वेळ अनेक दिवसांत वाटला तर अधिक टिकतं. सुट्टीचा अभ्यास म्हणून शाळेने दिलेली वही १२ आणि १३ जूनला रात्री जागून भरणारी मुलं, आणि त्यांना ती भरून देणारे पालक, नेमकं याच्या उलट करत असतात.

सराव कसा करावा, यावरही एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवलं. म्हणजे जुनं पुस्तक उघडून 'वाचत बस' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. पाठकोऱ्या कागदावर गेल्या वर्षातली पाच वेगवेगळी गणितं लिहून द्यावीत: एक भागाकार, एक अपूर्णांक, एक क्षेत्रफळ, एक वेळेचं, एक पैशांचं. सगळी एकाच प्रकारची दिली की पद्धत आठवावी लागत नाही, नुसता हात चालतो.

पुढच्या इयत्तेचा अभ्यास मात्र मे महिन्यात नको. नवं पुस्तक आणून पहिले तीन धडे 'करून टाकायचे' हा अलीकडचा हव्यास मुलाला जूनमध्ये वर्गात कंटाळा आणण्यापलीकडे फार काही साधत नाही.

वाचनाची गोष्ट निराळी आहे. फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी गरीब घरांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळ्यांत दरवेळी १२ पुस्तकं दिली. ती मुलांनीच निवडलेली होती. ना शिकवणी, ना प्रश्नोत्तरं. तीन वर्षांनी ही मुलं वाचनाच्या चाचणीत पुस्तकं न मिळालेल्यांच्या पुढे होती. निवड मुलाची, हा यातला कळीचा भाग. चरित्र वाच, विज्ञान वाच असा आग्रह धरला की पुस्तक उशाशी पडून राहतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची पुस्तकं किंवा भुताच्या गोष्टी वाचायच्या असतील तर वाचू द्याव्यात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी वाटेतलं भिलार गाठावं. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे आणि तिथे घराघरांत मांडलेली पुस्तकं कुणीही बसून वाचू शकतो.

चौथी मेढ: घरातलं एक काम

हे काम खरं असावं. म्हणजे मुलाने ते केलं नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. संध्याकाळी माठ भरणं, झाडांना पाणी, भाजी आणून पैशांचा हिशोब देणं. गच्चीवर कुरडया-पापडांची राखण करणं हे एकेकाळचं मुलांचं हक्काचं काम होतं, आणि चिकातला अर्धा वाटा ही त्याची मजुरी. वाळवण आता कमी घरांत होतं, पण पन्हं सगळीकडे होतं. किती कैऱ्यांच्या गराला किती गूळ, हे वजनकाट्यावर मोजून पाच जणांचं प्रमाण बारा जणांसाठी काढायला लावलं की गुणोत्तर-प्रमाणाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

*चौकट: पाचवीतल्या मुलाचा एक दिवस, नमुन्यादाखल*

*साडेसातला उठून दहा मिनिटं बाहेर. नऊपर्यंत खेळ किंवा सायकल.*
*आंघोळ, नाश्ता. कप सिंकमध्ये ठेवला की वीस मिनिटं पाठकोरा कागद आणि पेन्सिल.*
*मग जेवणापर्यंत मोकळा वेळ.*
*दुपारी जेवणानंतर घर शांत: वाचन किंवा डुलकी. फोन ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळीच, आणि बैठकीच्या खोलीत.*
*चहा झाला की घरातलं काम. पाचनंतर मैदान.*
*रात्री साडेनऊपासून दिवे मंद. सामन्याच्या दिवशी सूट, पण उठण्याची वेळ तीच.*

मधली मोकळी जागा

वरच्या चौकटीत दोन-तीन तास रिकामे आहेत. अनेक पालकांना तेच खुपतात. मग सकाळी अबॅकस, दुपारी कॅलिग्राफी, संध्याकाळी स्केटिंग असं मूल एका शिबिरातून उठून दुसऱ्यात जातं.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या जेन बार्कर, युको मुनाकाता आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ६ ते ७ वर्षांच्या ७० मुलांच्या आठवड्याचा तपशील पालकांकडून घेतला. ज्यांचा जास्त वेळ मोकळा जात होता ती मुलं, स्वतःचं ध्येय स्वतः ठरवून त्यानुसार वागण्याच्या चाचणीत सरस ठरली. ज्यांचा वेळ मोठ्यांनी आखलेल्या उपक्रमांत जात होता, ती त्यात मागे होती. एवढ्यावरून शिबिरांना नावं ठेवता येत नाहीत. अभ्यास छोटा आहे आणि त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. आई-बाबा दोघंही कामावर असतील तर शिबिर ही गरजही असते. पण 'आता काय करू?' हा प्रश्न स्वतः सोडवायची संधी मुलाला मिळायलाच हवी, आणि ती भरगच्च दिवसात मिळत नाही. कंटाळा आल्याची तक्रार ऐकून लगेच फोन हातात देणारे मोठे ती संधी काढून घेतात.

निमित्त पुरवायला मात्र हरकत नाही. मे महिन्यात महाराष्ट्राला एक फुकटचं निमित्त मिळतं. सूर्य या दिवसांत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत प्रत्येक गावाच्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्या दिवशी भर माध्यान्ही उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात हे ६-७ मेच्या सुमारास घडतं, पुण्यात १३-१४ ला, मुंबईत १५-१६ ला आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. पुण्यातल्या मुलाने १ मेपासून गच्चीत फूटभर उंचीची सरळ काठी कुंडीत रोवून, रोज साडेबाराला दोन मिनिटं टोपी घालून वर जावं आणि सावलीच्या टोकाला खडूने खूण करावी. पहिल्या दिवशी सावली दोन सेंटिमीटरही नसेल आणि ती उत्तरेकडे असेल. रोज आखडत ती १३-१४ ला काठीच्या बुडाशी नाहीशी होईल. त्यानंतर पुन्हा उगवेल, पण दक्षिणेकडे. ही सावली उलटलीच कशी, हे त्याला आधी सांगू नये. त्याने विचारलं तर पृथ्वीगोल काढावा.

शेवटचा आठवडा

राज्यात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे आठवडा-दोन आठवडे उशिरा. आदल्या रात्री 'आज लवकर झोप' म्हणून काही होत नाही, शरीराचं घड्याळ एका दिवसात दोन तास अलीकडे ओढता येत नाही. रोज पंधरा मिनिटांनी उठण्याची वेळ अलीकडे आणावी. आठला उठणाऱ्या मुलाला सहाला उठायचं असेल, तर त्याला आठ दिवस लागतात. शाळा १५ जूनला असेल तर ७ जूनला सुरुवात करा आणि ती तारीख आजच कॅलेंडरवर मुलाच्या हातून लिहून घ्या.